परके शब्द, अनवट अक्षरे

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, चिखला हे गाव आहे. मॉइल या सरकारी कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण तिथे आहे. या खाणीवर जी मराठी कानावर पडते तिचा एकेक शब्द सुटा करून पाहावा. हाजरी अरबी, पगार आणि घमेले पोर्तुगीज, शिफ्ट, शाफ्ट आणि ड्रिल इंग्रजी. खाणीला इकडे सर्रास खदान म्हणतात, तो शब्द हिंदीच्या वाटेने आलेला. १९६१च्या धातुखाणींच्या नियमावलीत ‘माइनिंग मेट’ म्हणून जो अधिकारी आहे, तो बोलण्यात नुसता ‘मेट’ झाला. गावाच्या पत्त्यातले जिल्हा आणि तालुका हे दोन्ही शब्द मुळात अरबी. खुद्द मँगनीजचे नाव ग्रीसमधल्या मॅग्नेशिया या प्रदेशापासून निघाले आणि लॅटिन, इटालियन, इंग्रजी अशी घरे ओलांडत इथवर पोचले. एवढे सगळे परके शब्द असूनही ‘हाजरी लावून मेट खाली उतरला, ट्रॉल्या भरून वर आल्या’ हे वाक्य मराठीच आहे, त्याला दुसऱ्या कोणत्याही भाषेचे म्हणता येत नाही. ते मराठी का, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की शब्दाचे जन्मगाव महत्त्वाचे नसते. तो आपल्या ध्वनींत बसला का आणि आपल्या व्याकरणाला जुंपला गेला का, एवढेच पाहायचे असते. नवे अक्षर घ्यायचे की नाही, हेही त्याच कसोटीवर ठरते. आपल्या अक्षरांनी अर्थ सांभाळला जात असेल तर नवे अक्षर नको, आणि सांभाळला जात नसेल तर संकोच नको. मराठीने आजवर बहुतांशी असेच केले आहे.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. स्पॅनिश भाषेचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे, कारण तिचे नियम ठरवणारी राजमान्य अकादमी १७१३पासून काम करत आहे आणि तिचे निर्णय नोंदलेले आहेत. आठव्या शतकापासून पुढे कित्येक शतके स्पेनच्या मोठ्या भागावर अरबी भाषकांचे राज्य होते. त्या काळात शेती, पाणी, बांधकाम आणि कारभार यांचे हजारो अरबी शब्द स्पॅनिशमध्ये मुरले. साखरेला तिथे ‘आसुकार’ म्हणतात, संत्र्याला ‘नारांखा’, बुद्धिबळाला ‘आखेद्रेस’. यांची वाट अरबी-फार्सीतून मागे काढत गेले तर शर्करा, नारंग आणि चतुरंग हे आपल्याकडचेच शब्द भेटतात. नगराध्यक्षाला स्पॅनिशमध्ये ‘अल्काल्दे’ म्हणतात. त्यातला ‘काल्दे’ हा आपला काजीच. या शब्दांसाठी स्पॅनिशने अरबी लिपीतले एकही अक्षर घेतले नाही. घशातून येणारे अरबी ध्वनी तिने टाकून दिले आणि उरलेला शब्द आपल्या जिभेला वळवून घेतला. याउलट शेपटीसारखी रेघ डोक्यावर मिरवणारे ‘एन्ये’ हे अक्षर तिचे स्वतःचे आहे. मध्ययुगातले लेखक जोडीने येणाऱ्या दोन ‘एन’पैकी एक वर छोटा करून लिहीत, त्यातून ते घडले. १९९१मध्ये युरोपीय समुदायाने स्पेनच्या कळफलकाविषयीच्या नियमांना हरकत घेतली, तेव्हा या एका अक्षरासाठी स्पेन ठाम उभा राहिला आणि १९९३मध्ये त्याने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. स्पॅनिश एकाच वेळी उदारही आहे आणि हट्टीही: शब्दांच्या बाबतीत उदार, अक्षरांच्या बाबतीत काटेकोर.

मात्र हा काटेकोरपणा प्रत्येक वेळी टिकला नाही. ‘के’ हे रोमन अक्षर स्पॅनिशला फारसे लागत नाही, म्हणून अकादमीने १८१५मध्ये ते वर्णमालेतून काढले. पण किलोसारखे शब्द लोक त्याच अक्षराने लिहीत राहिले आणि १८६९मध्ये ते परत घ्यावे लागले. ‘डब्ल्यू’ तर १९६९पर्यंत अधिकृत वर्णमालेबाहेरच होते. गंमत अशी की टंगस्टन हा धातू १७८३मध्ये पहिल्यांदा वेगळा केला तो स्पेनच्या बेरगारा गावी एलुयार बंधूंनी, आणि त्याचे स्पॅनिश नाव ‘वोल्फ्रामिओ’ याच परक्या अक्षराने सुरू होते. व्हिस्कीसाठी अकादमीने ‘गुइस्की’ असे देशी रूप सुचवले, नंतर ‘विस्की’ही सुचवले, लोकांनी मूळचे इंग्रजी लेखन सोडले नाही. १९व्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून प्राचीन महाखंडाला गोंडवाना हे नाव दिले. ते स्पॅनिश पुस्तकांत गेले, तेही हेच ‘डब्ल्यू’ घेऊन. म्हणजे स्पॅनिशच्या त्या अनवट अक्षराच्या संसारात आपल्या विदर्भाच्या शेजारचा एक शब्दही आहे. भंडारा, नागपूर, बालाघाट या पट्ट्यातल्या मँगनीजच्या खडकांचा अभ्यास करून फर्मर या भूशास्त्रज्ञाने १९०९मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गार्नेट आणि गारगोटी यांच्या एका खास खडकाला त्याने ‘गोंडाइट’ म्हटले आणि जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी ते नाव उचलले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते, हे विसरून परक्या शब्दांची चर्चा केली तर ती एकांगी होते.

आता मराठीकडे वळू. परका ध्वनी दारात आला की भाषेपुढे तीन मार्ग असतात: आपले असलेले अक्षर त्याला द्यायचे, आपल्या दोन अक्षरांची जोडी जुळवायची, किंवा नवे चिन्ह घडवायचे. मराठीने हे तिन्ही मार्ग वापरले, आणि कुठला कुठे वापरला यात विलक्षण सातत्य आहे. पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘ज’. फार्सी-अरबी शब्दांतला दंत्य ध्वनी दाखवायला हिंदीने ‘ज’खाली नुक्ता दिला. मराठीला त्याची गरज पडली नाही, कारण तिच्यात मुळातच दोन ‘ज’ आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया, यातला ‘ज’ तालव्य. ‘तू सुखाने जग’ यातला दंत्य. त्यामुळे जमीन, बाजार, हजार, मजूर, रोज हे शब्द आले तसे आपल्या दंत्य ‘ज’मध्ये अलगद बसले. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मराठीत इकारापूर्वी दंत्य उच्चार टिकत नाही: ‘माझा’तला ‘झ’ दंत्य असतो, पण ‘माझी’ म्हणताच तो तालव्य होतो. हाच नियम आलेल्या शब्दांनाही लागू झाला. ‘अर्ज’ दंत्य, ‘अर्जी’ तालव्य. राजी, मर्जी, जिल्हा हे शब्द फार्सीत ज्या ध्वनीने उच्चारले जात, तो मराठीने बदलून टाकला. हे कुणी पंडिताने ठरवले नाही. चिखल्याच्या खाणीतला मजूर, तुमसरच्या बाजारातला व्यापारी आणि पुण्यातला प्राध्यापक हे सगळे न शिकवता ‘बाजार’ दंत्य आणि ‘मर्जी’ तालव्य म्हणतात. परका शब्द मराठी झाला याचा याहून ठोस पुरावा कोणता हवा?

दुसरा मार्ग जोडीचा. इंग्रजीत ‘व’च्या जवळचे दोन ध्वनी आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले तर वायर आणि व्हायरस यांच्या सुरुवातीतला फरकच नाहीसा होतो. हिंदी दोन्हीकडे ‘व’ लिहिते. तिथे नोव्हेंबरचा ‘नवंबर’ झाला. मराठीने ‘व्ह’ ही जोडी वापरली. ही जोडी काही नव्याने घडवलेली नव्हती. जेव्हा, नव्हे, पाव्हणा या ठेवणीतल्या शब्दांत ती होतीच. तिलाच नवे काम दिले आणि व्हॅन, व्हॉल्व्ह, व्हिटॅमिन हे शब्द स्वच्छ लिहिता आले. ज्या फरकासाठी स्पॅनिशला शेवटी वेगळे अक्षर वर्णमालेत घ्यावे लागले, तसा फरक मराठीने घरातल्या सामानात भागवला. काटकसर म्हणून नव्हे, तर वाचणाऱ्याला ओळखीचे वाटावे म्हणून हा मार्ग चांगला.

तिसरा मार्ग नव्या चिन्हाचा, आणि तो मराठीने एकाच ठिकाणी धरला: ॲ आणि ऑ. इथे आपले अक्षर पुरत नव्हते. पेन आणि पॅन, बेट आणि बॅट, हाल आणि हॉल, काल आणि कॉल या जोड्या पाहा. अर्धचंद्र काढून टाकला की शब्द केवळ ओबडधोबड होत नाही, दुसराच होतो. यांतले ‘ॲ’चे काम हिंदी ‘ऐ’च्या मात्रेवर भागवते, कारण तिच्या प्रमाण उच्चारात ‘ऐ’ हाच जवळपास तो ध्वनी आहे. मराठी ‘ऐ’ मात्र ‘अइ’ असा उघडा उच्चारते. बैल आणि बैठक या शब्दांच्या धर्तीवर ‘बैट’ लिहिले तर मराठी माणूस ते ‘बइट’ असेच वाचेल. म्हणून मराठीला वेगळे चिन्ह घडवणे भाग होते, आणि तिने ते आपल्याच लिपीच्या वळणाचे घडवले. त्याला अधिकृत मान मिळायला मात्र फार वेळ लागला. छापील मराठीत अर्धचंद्र कित्येक दशके रुळलेला असताना संगणकाच्या जागतिक युनिकोड संचात ‘ॲ’ हे अक्षर आले ते २००८मध्ये. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेच्या स्वरांत जागा दिली. ऑफिस, डॉक्टर, बॅग, कॅमेरा हे शब्द रोज लिहिणाऱ्या पिढ्यांना तोवर शाळेत हे स्वर वर्णमालेत भेटतच नव्हते.

याच वर्णमालेत ‘ऌ’ मात्र आधीपासून होता. मराठीत त्याचे काम एका ‘कॢप्ती’ या शब्दापुरते आहे. ‘ङ’ वाङ्मयासारख्या मोजक्या शब्दांत दिसतो, ‘ञ’ सुटा जवळपास कुठेच नाही. ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो, ‘ष’ आणि ‘श’ यांत बोलताना फरक करत नाही. ऋण, कृषी, भाषा हे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द लिहिण्यासाठी ही अक्षरे आपण सांभाळतो. ती काढून टाकावीत असे माझे मुळीच म्हणणे नाही. कृषी आणि ऋण यांच्या लेखनातून शब्दाचे मूळ कळते आणि जुने ग्रंथ वाचता येतात. माझे म्हणणे एवढेच की एका भाषेतून शब्द घेताना आपण तिची अक्षरे सांभाळली आणि त्याला कुणी अशुद्धी म्हटले नाही. मग ज्या अर्धचंद्रावर रोजचे शेकडो शब्द उभे आहेत त्याला पाहुणा का समजावे? अनवट अक्षर म्हणजे भाषेतला दोष नव्हे. भाषेने कुणाकडून, कधी आणि किती घेतले याची ती उघडी नोंद आहे.

शब्द आपला झाला का, हे ओळखायची सर्वांत भरवशाची खूण ध्वनीपेक्षाही व्याकरणात असते. चिखल्याच्या शेजारी डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलचीच दुसरी खाण आहे. तिथे बॅटरीसाठी लागणारे मँगनीज डायऑक्साइड तयार होते. ‘बॅटरी’ हा शब्द इंग्रजी, आणि ‘बॅ’वरचा अर्धचंद्र तशी साक्षही देतो. पण एकीच्या दोन झाल्या की आपण ‘बॅटऱ्या’ म्हणतो. या रूपाकडे जरा थांबून पाहावे. डावीकडे अर्धचंद्र, म्हणजे परक्या स्वराची खूण. उजवीकडे ‘ऱ्य’, म्हणजे रफार न घेता आडव्या वळणाने लिहिलेला ‘र’. दऱ्या, वाऱ्या, पायऱ्या या शब्दांतला, खास मराठीचा, हिंदीत न सापडणारा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, एवढा मोठा भेद तो एकटा सांभाळतो. एका छोट्या शब्दात घेतलेले चिन्ह आणि घरचे चिन्ह शेजारी बसले आहेत, आणि दुसऱ्याने पहिल्याला आपल्या नियमात घेतले आहे. बॅटरी स्त्रीलिंगी कुणी ठरवली? ईकारान्त नामाला मराठी सहसा स्त्रीलिंगात घेते आणि त्याचे अनेकवचन ‘या’ लावून करते, म्हणून ती नदी-नद्या, पायरी-पायऱ्या यांच्या पंक्तीत गेली. ट्रॉलीच्या ट्रॉल्या त्याच रांगेत आहेत; फाइलच्या फायली आणि खदानच्या खदानी अकारान्त स्त्रीलिंगी नामांच्या वळणावर गेल्या. इंग्रजी अनेकवचन घेऊन ‘बॅटरीज’ म्हणणारे वाक्य मला खरे परके वाटते. ‘बॅटऱ्या’ म्हणणारे नव्हे. शब्द उसना घेता येतो, पण विभक्ती आणि अनेकवचन उसने घेऊ लागलो तर भाषा आतून पोखरते.

यावर पहिला आक्षेप भाषाशुद्धीचा, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांनी राजव्यवहारकोश रचून कारभारातल्या फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी हीच चळवळ जोमाने चालवली. महापौर आणि दिनांक यांसारखे शब्द त्यातून रुळले. ज्यांनी १९२५मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला ते माधवराव पटवर्धनही पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. म्हणजे हा विचार फार्सीच्या अज्ञानातून आला असे म्हणता येत नाही. स्वभाषेत शब्द घडवण्याची ताकद टिकली पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ज्या भाषेत नवा शब्द घडत नाही ती ज्ञानाच्या कामातून बाद होते. खनिज आणि धातुक हे शब्द नसते तर भूगर्भशास्त्र मराठीत लिहिणे अवघड झाले असते. पण या प्रयत्नांचा इतिहासच त्यांची मर्यादाही दाखवतो. राजव्यवहारकोशानंतर साडेतीनशे वर्षांनीही जमीन, बाजार, वकील आणि अर्ज जागचे हलले नाहीत. सावरकरांनी सुचवलेली ‘अ’ची बाराखडी काही नियतकालिकांनी निष्ठेने वापरली, तरी ती टिकली नाही. जिथे जागा रिकामी होती तिथे घडवलेला शब्द रुजला. जिथे आलेला शब्द आधीच नांदत होता तिथे तो उपटला गेला नाही. म्हणून शुद्धीची शक्ती जुने शब्द हाकलण्यात न घालवता नव्या गोष्टींना वेळेवर नाव देण्यात घालवावी.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग कशालाच अडवायचे नाही का? अडवायचे आहे, आणि कुठे ते वरच्या कसोटीतूनच कळते. नावाची गरज असलेली वस्तू नाव घेऊन येते, ते घ्यावे. पण पाणी, भाऊ, वेळ, काम यांसारखे शब्द आणि क्रियापदे हाताशी असताना वाक्यातले सगळे अर्थवाही शब्द इंग्रजी आणि फक्त ‘आहे’ मराठी, असे बोलणे म्हणजे उसने घेणे नव्हे, घर रिकामे करणे. हाजरी, पगार, घमेले या शब्दांनी मराठीत भर घातली. घमेल्याची जागा घेणारा दुसरा शब्द नव्हता. स्पॅनिशमध्येही त्याचा सख्खा भाऊ लाकडी पात्राच्या अर्थाने नांदतो, आणि ‘पगार’ हे तर तिथे आजही पैसे देण्याचे क्रियापद आहे. ज्या शब्दाने भर पडते आणि ज्याने घट होते, त्यांत फरक करता आला पाहिजे.

तिसरा मुद्दा चिखल्याच्या मुलुखातच उभा राहतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात झाडीबोली बोलली जाते, साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास केला. या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, ‘श’ आणि ‘ष’ही नाहीत. पाणी तिथे ‘पानी’ असते, डोळा ‘डोरा’, आणि खाण अर्थातच ‘खान’. म्हणजे पुण्या-मुंबईला जी अक्षरे मराठीचा प्राण वाटतात, ती इथल्या मुलाला शाळेत गेल्यावर पहिल्यांदा भेटतात. अर्धचंद्र जितका नवा, तितकाच त्याला ‘ळ’ही नवा. इंग्रजी ‘डॉक्टर’चा उच्चार बदलून घेणे हा मराठीचा अधिकार मानायचा आणि ‘डोरा’ म्हणणाऱ्याला अशुद्ध ठरवायचे, हा न्याय नव्हे. दोन्हीकडे एकच नियम चालतो: जीभ आपल्या ध्वनीव्यवस्थेप्रमाणे शब्द वळवते. प्रमाण लेखन सर्वांना यायलाच हवे, कारण अर्ज, कायदे आणि पुस्तके त्यातच असतात. पण ते शिकवताना बोलीला चूक न म्हणता दुसरी व्यवस्था म्हणून शिकवले, तर ‘ण’ आणि ‘ळ’ मुलाला ओझे न वाटता मिळकत वाटतील.

उदारपणाबरोबर शिस्तही हवी, आणि तिची निकड दाखवायला चिखल्याच्या खनिजाचे नावच पुरे आहे. ते छापील मजकुरात मँगनीज, मॅगनीज, मॅग्नीज अशा तऱ्हांनी दिसते. रोमन लिपीत गावाच्या नावातला ‘ख’चा हकार गळतो आणि खाण ‘चिकला’ होते. त्यात आणखी एक अडचण आहे. मराठीत ‘बँक’ किंवा ‘मँगनीज’ लिहिताना अर्धचंद्र आणि अनुस्वार एकत्र येऊन जो आकार होतो, तो हुबेहूब चंद्रबिंदूसारखा दिसतो. हिंदीत चंद्रबिंदू म्हणजे स्वर नाकातून उच्चारण्याची खूण. मराठीत त्याच आकाराने ॲ आणि अनुस्वार अशी दोन कामे एकदम होतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाला चंद्रबिंदू हे एक चिन्ह आणि अर्धचंद्र-अनुस्वार ही दोन चिन्हे, असे ते वेगळे शब्द वाटतात. एका पद्धतीने टंकलेला मजकूर दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. जमिनीचे कागद, खाणीचे आदेश, शाळेची पुस्तके आता संगणकावरच असताना ही बाब किरकोळ राहत नाही. यावर उपाय सोपे आहेत आणि आपल्या हातात आहेत. घेतलेल्या प्रत्येक रूढ शब्दाचे एकच लेखन कोशाने ठरवावे आणि त्यासोबत त्याचे लिंग, सामान्यरूप आणि अनेकवचनही द्यावे. पाठ्यपुस्तकांनी ॲ आणि ऑ हे शेवटी जोडलेले परिशिष्ट म्हणून न शिकवता इतर स्वरांच्या बरोबरीने शिकवावेत. खाणी, गिरण्या, गॅरेजे आणि शेते यांत मराठी माणसांनी वळवून घेतलेले शब्द बोलीसकट नोंदवावेत. स्पॅनिश अकादमीला दीडशे वर्षांत जे अनुभवाने शिकावे लागले, ते आपण आधीच जाणून घेऊ शकतो: भाषा बोलणारे लोक ठरवतात, आणि जाणत्यांचे काम त्यांच्या निवडीला नीट, एकसारखे, सर्वांना वाचता येईल असे रूप देणे हे आहे. शब्द कुठून आला याची नोंद कोशाने ठेवावी; तो आपला झाला की नाही, हे त्याचे अनेकवचन आपण कसे करतो त्यावरून ठरवावे.